पाड्यावरची शाळा आणि आम्ही मुली

पहिलीच्या हजेरीपटावर आमच्या वर्गात मुली मुलांच्या बरोबरीने होत्या. चौथीत त्या निम्म्या उरल्या. सातवीच्या परीक्षेला बसले तेव्हा आमच्या पाड्यावरची मी एकटीच मुलगी होते. बाकीच्या कुठे गेल्या हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एक धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिली, दोघी आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्या, एकीचं लग्न झालं. हुशारीत त्यांतली कुणीही माझ्या मागे नव्हती. एकीचे तर पाढे माझ्याआधी पाठ असायचे. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माझं मनोगत छापलं जाणार आहे, तर त्यात पहिल्यांदा त्यांच्याबद्दल लिहायला हवं असं मला वाटतं.

मी १९७८ साली आपल्या शाळेत दाखल झाले. तोवर आमच्या घरात बायकांपैकी कुणालाच अक्षरओळख नव्हती. आजीच्या तरुणपणी डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातल्या वारल्यांना जमीनदार-सावकारांच्या शेतावर वेठीला जावं लागे. लग्नासाठी कर्ज काढलेला गडी आणि त्याची बायको दोघंही मालकाकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. अंगठा नवऱ्याचा असे, पण राबणूक दोघांची, आणि मालकाच्या वाड्यावर बायकांना काय सोसावं लागे ते आजी आम्हा पोरींसमोर अर्धंच बोलायची. मग १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला वारल्यांची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचा, म्हणजे शेतकरी संघटनेचा, लाल बावटा घेऊन पाड्यापाड्यांवर फिरले, आणि लोकांनी वेठीला नकार दिला. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. आजीला लिहिता येत नव्हतं, पण हा आकडा ती मरेपर्यंत विसरली नाही, आणि मजुरीच्या हिशोबात तिला नंतर कुणी फसवूही शकलं नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९५० मध्ये, आपली शाळा सुरू झाली. तेव्हा ती स्कूल बोर्डाची होती, १९६२ नंतर जिल्हा परिषदेची झाली. या पाच वर्षांच्या अंतराकडे मी योगायोग म्हणून बघत नाही. वेठीला बांधलेल्या घरातलं पोर शाळेत बसूच शकत नाही. आधी आईबाप मोकळे झाले, मग पोरांच्या हातात पाटी आली. शाळेचा इतिहास सांगताना इमारतीच्या कोनशिलेपासून सुरुवात करतात, ती या माणसांपासून व्हायला हवी.

आता आमच्या बाईंबद्दल. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्या बदलून आल्या तेव्हा मी दुसरीत होते. आधीचे गुरुजी वाईट नव्हते, पण काखेला लहान भाऊ घेऊन आलेल्या मुलीला ते परत पाठवत, कारण वर्गात तान्हं मूल रडलं की शिकवणं थांबे. बाईंनी पहिल्या आठवड्यातच पडवीच्या दोन खांबांना झोळी बांधली, आणि मग आणखी एक. ज्या मुलीचं भावंड झोपलेलं असेल तिने आत बसायचं. जागं झालं की बाहेर जाऊन हलवायचं, आणि खिडकीतून फळा दिसतोच, तेव्हा वाचत राहायचं. माझा भाऊ त्या झोळीत वाढला. तो नसता झोपला, तर मीही वर सांगितलेल्या मुलींमध्ये असते.

ही कल्पना बाईंना कुठून सुचली ते मला पुढे डी.एड. करताना कळलं. आपल्यापासून फार लांब नाही, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं होतं. बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू करून १९५७ मध्ये त्या कोसबाडला आल्या. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावं, हा त्यांचा विचार. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. विकासवाडी या आपल्या कोसबाडच्या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. का ठेवली, तर मोठी बहीण शाळेत यायची असेल तर धाकट्याची सोय आधी व्हावी लागते. आदिवासी पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं मी आजही प्रशिक्षणांत ऐकते तेव्हा मला राग येतो. आमच्या आईला महत्त्व पूर्ण कळत होतं. ती कापणीला गेली की तान्ह्याला कुणी घ्यायचं, एवढंच तिला कुणी सांगत नव्हतं. ताराबाई-अनुताईंनी ते ओळखलं, आणि एका खेड्यातल्या साध्या बदलीच्या शिक्षिकेने दोन जुन्या साड्यांत ते करून दाखवलं.

पहिलीचं वर्ष मी जवळजवळ न बोलता काढलं. गुरुजी पुस्तकातली मराठी बोलत, आम्ही घरी वारली बोलत असू. त्यांनी विचारलेलं कळायला वेळ लागे, आणि उत्तर आमच्या बोलीत दिलं की ‘नीट बोल’ म्हणत. मग गप्प बसणं सोयीचं वाटे. त्यात मुलगी गप्प बसली की ती शहाणी समजली जाते, म्हणून मुलींचं गप्प बसणं कुणाच्या लक्षातही येत नसे. बाईंनी आमच्याकडून वारली शब्द विचारून घ्यायला सुरुवात केली, त्या वहीत लिहून घेत. मास्तरीण आपल्याकडून काही शिकते आहे, हे पाहून जी मान वर झाली ती आजवर खाली गेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. कायदा यायच्या तीस वर्षं आधी आमच्या वर्गात ते झालं होतं. आज मात्र शाळाशाळांच्या भिंतींवर वारली चित्रं दिसतात आणि आतल्या फळ्यावर वारलीचा एक शब्द नसतो.

त्या चित्रांबद्दलही थोडं लिहिते, विषय सुटला तरी चालेल. लग्नात घराच्या भिंतीवर देवचौक, म्हणजे देवीचं चौकटीतलं चित्र, लिहायचं ते सुवासिनींनी. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते, तीही बाई. पालघट देवीचं ते चित्र पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातचं आहे. ते कागदावर आलं, त्याला मोल आलं, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशेंसारख्या कलावंताने ते जगभर नेलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली याचा आम्हाला अभिमानच आहे. पण बाजार उभा राहिला तसा चित्र काढणाऱ्या बायकांचा उल्लेख कमी कमी होत गेला. आपल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या असतील तर बाहेरचा पेंटर बोलावण्याआधी पाड्यावरच्या बायकांना विचारा, आणि त्यांची मजुरी पूर्ण द्या.

सातवीनंतर मी आश्रमशाळेत गेले. कुठल्या ते लिहीत नाही. तिथे पोटाला मिळालं, पुस्तकं मिळाली, दहावी झाली, हे मी विसरणार नाही. पण न्हाणीघराला दार नव्हतं, म्हणून आम्ही मुली उजाडायच्या आत ओढ्यावर जायचो. पाळी आलेल्या मुलीने सांगायचं कुणाला हा प्रश्न होता, कारण अधीक्षक पुरुष होते. कितीतरी जणी त्या चार दिवसांना घाबरून घरी जात, आणि काही परत येतच नसत. त्यांच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडे. राज्यात आज सरकारी आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. तिथल्या मुलांच्या मृत्यूंची चौकशी करायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. आपलं मूल दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या आईबापांना यापेक्षा चांगलं काही मिळायला हवं होतं.

शिक्षिका म्हणून मी जव्हार-मोखाड्यात काम केलं आहे, अजून करते. दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात. वीटभट्टीचा मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन ठेवतो. ती सणाला, औषधपाण्याला खर्च झालेली असते, मग पावसाळ्यापर्यंत ती फेडायची. भट्टीवर काम जोडीला मिळतं, नवरा-बायको दोघं मिळून विटा पाडतात, हिशोब हजारी विटेवर. बाईच्या कष्टाचे पैसे वेगळे मोजलेच जात नाहीत, हिशोब नवऱ्याच्या नावाने असतो. लग्नगड्यांची गोष्ट आजीकडून ऐकली होती, म्हणून हे बघताना मला ती आठवते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. आणि या जोडीबरोबर जाणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या गेल्या, सरकारने हंगामी वसतिगृहं काढली, त्याने काही मुलं टिकली. मी स्वतः पालकांना विनवून मुलं मागे ठेवून घेतली आहेत. त्यात अनुभव असा, की आजीजवळ ठेवायला मुलगा चटकन राहतो. मुलीला आई सोडत नाही, कारण तिच्याशिवाय भट्टीवरचं घर चालत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या स्त्रियांची साक्षरता ७६ टक्क्यांच्या आसपास होती, आदिवासी स्त्रियांची ५७. हे अंतर अशा मुलींचं आहे. त्यांच्यासाठी सरकारने १९९२ पासून उपस्थिती भत्ता ठेवला, गरीब घरातली मुलगी शाळेत आली की दिवसाला १ रुपया. तीस वर्षं झाली तरी तो रुपया रुपयाच राहिला. मुलीच्या एका दिवसाची सरकारदरबारी एवढी किंमत धरली गेली, हे मला वर्गात उभं राहून त्यांच्याकडे बघताना बोचतं.

आणि आता लहान शाळांवर गंडांतर आलं आहे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा सुरू झाली. राज्यात अशा जवळपास पंधरा हजार शाळा निघाल्या. त्या यादीत पाड्यावरच्या किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. आमचे पाडे विखुरलेले आहेत, डोंगराच्या कुशीत पंचवीस-तीस घरं. तिथे पट पंधराच असणार! पाडा लहान आहे, एवढाच त्या शाळेचा दोष. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. पण ते किलोमीटर नकाशावर मोजले जातात. मध्ये ओढा असतो, पावसाळ्यात तो चार महिने अंगावर येतो. वाहतूक भत्ता देऊ म्हणतात, तर जिथे रस्ता नाही तिथे वाहन कुठून यायचं? शाळा लांब गेली की मुलगे चालत जातात, काही दिवस तरी. मुलीच्या बाबतीत घरात दुसऱ्याच दिवशी चर्चा होते की एकटीने जंगलातून जायचं कसं. मी ही चर्चा अनेक घरांत बसून ऐकली आहे, आणि आईबापांना दोष देऊ शकलेले नाही. शाळा बंद करणाऱ्या कागदावर मुलींचा उल्लेखही नसतो. तरी त्या कागदाने शिक्षण कुणाचं थांबतं, तर त्यांचं.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. देशाच्या कायद्यात ते यायला १ एप्रिल २०१० उजाडला, तेही चौदा वर्षांपर्यंतच. आठवीनंतर आमची मुलगी पुन्हा वाऱ्यावर.

आमच्या घरात काय बदललं तेही सांगते. वनहक्क कायद्यानुसार आमच्या जमिनीचा दावा मंजूर झाला, तेव्हा पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावावं लागतं म्हणून वडिलांशेजारी आईचं नाव आलं. अर्ज मी भरला होता, आपल्या शाळेत गिरवलेल्या अक्षरात. आईने अंगठा दिला आणि आपलं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं. तिची नात आज नर्सिंगला आहे.

महोत्सव समितीने कमानीसाठी वर्गणी जमवली आहे. मीही दिली आहे. माझी विनंती आहे की कमान लहान करा, आणि त्यातून पाळणाघराची एक खोली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला नळाचं पाणी करा. अंगणवाडी शाळेच्या आवारात आणायला जागा आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करता येईल. दुसरं म्हणजे, आसपासच्या तीन पाड्यांवरच्या पहिली ते चौथीच्या शाळा बंद करू नयेत असा ठराव येत्या ग्रामसभेत व्हावा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा आपल्या गावाला लागू आहे, आपल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ठराव पहिल्यांदा तिथे मांडायचा. मसुदा मी लिहून आणते. माझ्याबरोबर पहिलीत असलेल्या, पुढे शाळा सुटलेल्या मैत्रिणींपैकी ज्या पाड्यावर आहेत त्यांना मी निरोप पाठवला आहे, सूचक आणि अनुमोदक म्हणून त्यांचीच नावं असतील.