नैरोबी ते दार-एस-सलाम : सव्वा तासाची फ्लाईट आणि उजवीकडची खिडकी
केनियातल्या नैरोबीहून टांझानियातल्या दार-एस-सलामला विमानाने जाणार असाल तर सीट उजवीकडची घ्या, किलिमांजारो त्याच बाजूला दिसतो, सकाळची फ्लाईट घ्या, बाकी सगळं नंतर बघा.

सरळ रेषेत अंतर साधारण 670 किमी, म्हणजे आपलं मुंबई-नागपूर जवळपास तेवढंच. तिकिटावर सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं लिहिलेलं असतं पण त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं वगैरे सगळं आलं, जेट असेल तर प्रत्यक्ष हवेत तासाभराचाच खेळ, एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर थोडा जास्त वेळ धरा. रस्त्याने नामांगा बॉर्डर, अरुशा, मोशी करत गेलं तर 900 किमीच्या आसपास पडतं आणि बसमध्ये अख्खा दिवस जातो. दोन्हीकडे घड्याळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे वेळेचा गोंधळ नाही.

मी फेब्रुवारीत गेलो, निघताना आकाश एकदम मोकळं होतं. जून ते ऑगस्ट नैरोबीत सकाळी बरेचदा ढग दाटून असतात. टेकऑफनंतर वीसेक मिनिटांत खाली आंबोसेलीकडचं कोरडं पिवळट मैदान दिसायला लागलं आणि मग ढगांच्या पांढऱ्या थराच्या वर एक काळसर डोंगर, विमानाच्या बाजूला, खाली नाही! किलिमांजारो 5,895 मीटर उंच आहे हे माहीत होतं, पण विमानाचा मार्ग त्याच्यापासून जेमतेम 30-35 किमीवरून जातो हे डोळ्यांनी बघितल्यावरच कळलं. किलिमांजारोची दोन मोठी शिखरं, मावेंझी आणि किबो; आपण पूर्वेकडून जातो म्हणून आधी मावेंझीचे तुटके काळे सुळके पुढे येतात आणि मागे किबोचा रुंद सपाट माथा, मग विमान पुढे सरकतं तसे दोघं हळूहळू वेगळे होतात आणि किबोची दक्षिणेकडची बाजू उघडते, तिथे बर्फाच्या जीभा उतारावर लोंबलेल्या. फोटोत बघितलेली पांढरी टोपी आता नाहीये, तुकडे उरलेत. 1912 पासून तिथलं 80 टक्क्यांहून जास्त बर्फ गेलंय. मला खरंच वाईट वाटलं, आणि ज्यांना जमेल त्यांनी हे लवकर बघून घ्यावं असंही वाटलं. फोटो दोनचारच काढले, बाकी वेळ नुसता बघत बसलो, कारण दहा मिनिटांत तो मागे पडतो.

पुढे उसांबाराचे हिरवे डोंगर, मग किनारा, आणि चहा संपेपर्यंत उतरायची घोषणा. नैरोबी एअरपोर्ट 1,600 मीटरवर आणि दार-एस-सलाम समुद्राला लागून, त्यामुळे दरवाजा उघडला की गरम दमट हवा अंगावर येते, अगदी आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखी. जॅकेट तिथेच काढा.

प्रवास तासाभराचा असला तरी दिवस मात्र अर्धा धरा, इंटरनॅशनल फ्लाईट आहे, दोन-अडीच तास आधी पोचायचं, इकडे इमिग्रेशन तिकडे इमिग्रेशन. यलो फीव्हरचं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, केनियातून टांझानियात शिरताना लागतं आणि भारतात परत येतानाही, लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. व्हिसा ऑनलाईन आधीच करून ठेवला तर दार-एस-सलामला रांग वाचते.

आणि परतताना डावीकडची सीट.