उलटे त्रिकोण निसटतात

आकृतीत दडलेले त्रिकोण मोजताना मी पूर्वी नजर जाईल तिकडे बोट फिरवत असे, आणि दर वेळी उत्तर वेगळे येई. आता मी आकारमानानुसार मोजतो. प्रत्येक बाजूचे ४ समान भाग करून समांतर रेषांनी विभागलेल्या समभुज त्रिकोणात १, २, ३ आणि ४ एकक बाजूंचे सुलटे त्रिकोण अनुक्रमे १०, ६, ३ आणि १, म्हणजे एकूण २० मिळतात. परंतु खरी फसगत उलट्या त्रिकोणांत होते, कारण लहान ६ सहज दिसले तरी तळाच्या मध्यबिंदूवर टोक टेकवून उभा असलेला २ एककांचा एकमेव त्रिकोण नजरेतून (माझ्याही) निसटतो. एकूण २७. त्यामानाने बुद्धिबळाच्या पटावरील २०४ चौरस मोजणे सोपे आहे, कारण तेथे १ ते ८ या संख्यांच्या वर्गांची बेरीज पुरते.