बोटांना नव्याने शिकवताना

आज पूर्ण अहवाल रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये, लिहून पाठवला. वर्ड सोडून लिबरऑफिसवर यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी धीर दिला, "अगं, दोन्ही सारखंच आहे, फक्त दिसायला थोडं वेगळं." पण मला दिसत नाही, त्यामुळे ते दिसतं कसं याच्याशी माझा संबंधच येत नाही. माझ्यासाठी वर्ड म्हणजे बोटांत मुरलेले क्रम. विचार मनात येईपर्यंत कळा दाबून झालेल्या असायच्या. ते क्रम आता मोडायचे आहेत आणि त्याचा थकवा मला खरंच जाणवतोय.

हेडिंगचंच बघा. वर्डमध्ये कंट्रोल-अल्ट-१ दाबलं की पहिल्या पातळीचं हेडिंग. इथे त्यासाठी नुसतं कंट्रोल-१ पुरतं. वर्डमध्ये मात्र कंट्रोल-१ने ओळींमधलं अंतर बदलतं. एफ-५चंही तसंच. तिकडे त्याने हव्या त्या पानावर नेणारं 'गो टू' उघडतं, इथे नॅव्हिगेटर, म्हणजे फाइलमधल्या हेडिंग्जसारख्या गोष्टींची यादी. डोळस माणूस पडद्यावर काय बदललं ते एका नजरेत टिपतो. पडद्यावरचं वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, एनव्हीडीए, फोकस (कळा त्या क्षणी ज्या जागी लागू होतात ती जागा) जिथे असेल तेवढंच बोलतो, बाकीचा पडदा माझ्यासाठी त्या क्षणी नसतोच. म्हणून मी पाठांतराच्या मागे न लागता प्रत्येक कृतीनंतर विचारायची सवय लावून घेतली. हेडिंग दिलं की एनव्हीडीएची ठरलेली कळ आणि एफ. फॉन्ट, आकार, स्टाइल सगळं ऐकू येतं. मगच पुढची ओळ.

सर्वात जास्त वेळ गेला तो शोधण्यात. कंट्रोल-एफ दाबल्यावर खाली एक पट्टी उघडते. शब्द टाइप करून एंटर दाबलं की तो सापडतो, पण फोकस पट्टीतच राहतो. मजकुरात काय सापडलं हे कोणी सांगत नाही. एस्केप दाबायचं, मग कर्सर त्या शब्दापाशी येतो आणि एनव्हीडीएची कळ अधिक वरचा बाण दाबून ओळ ऐकता येते. एवढीशी गोष्ट, पण ती कळेपर्यंत आपण फाइलमध्ये आहोत की बाहेर, हेच कळत नव्हतं. शंभर सोयी नसल्या तरी चालतील, पण सॉफ्टवेअरने आपण काय केलं ते बोलून दाखवावं, असं मला फार मनापासून वाटतं. काम झालंय आणि आवाज नाही, याइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

मेनू मात्र मला मनापासून आवडले. वर्डमध्ये २००७पासून रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली आणि मेनूंची सरळ यादी गेली. रिबनही कळांनी चालवता येते, मी इतकी वर्षं चालवलीच, पण टॅब, त्यात गट, गटात बटणं, असं आत-आत शिरावं लागतं. इथे अल्ट दाबून खाली बाण मारत गेलं की एकेक आज्ञा तिच्या शॉर्टकटसह ऐकू येते. शोधता शोधता शिकणंही होतं. कोणाला विचारावं लागत नाही, हे माझ्यासाठी मोठं आहे.

आणि नॅव्हिगेटर! आधी अंगावर आलेली हीच गोष्ट आज सगळ्यात कामाला आली. लांबलचक अहवालातली सगळी हेडिंग्ज एका यादीत मिळतात, बाणाने हव्या त्या हेडिंगवर जाऊन एंटर दाबलं की कर्सर थेट तिथे. अर्थात हेडिंग स्टाइल, म्हणजे प्रोग्रॅममधला शीर्षकाचा तयार प्रकार, वापरून दिलेलं असेल तरच. नुसती अक्षरं ठळक आणि मोठी केलेली असतील तर ते डोळ्यांना शीर्षक वाटतं, यादीत येत नाही. अशा फाइल्स माझ्याकडे सतत येतात आणि मला त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसावं लागतं. आता सहकाऱ्यांना स्पष्टच सांगायला लागलेय की शीर्षकाला स्टाइल द्या. त्यांचं एका कळेचं काम आहे, माझा अख्खा तास वाचतो.

सुचवलेले बदल ऐकून स्वीकारणं अजून हातात बसलेलं नाही. एडिट मेनूत 'ट्रॅक चेंजेस'खाली 'मॅनेज' आहे, त्यात बदलांची यादी मिळते. उद्या अहवाल दुरुस्त्यांसह परत येईल, तेव्हा तिथूनच सुरुवात करीन.