अठरा पूर्ण झाली, आता कुठे?

इंग्लंडमध्ये ज्या मुलांना स्वतःच्या घरी ठेवणं धोक्याचं असतं, त्यांची जबाबदारी कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, घेते. अशी ८० हजारांहून जास्त मुलं आहेत आणि त्यातली बहुतेक संस्थेत नव्हे, फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत राहतात. आमच्या शेजारचं जोडपं असंच मुलं सांभाळतं. त्यांच्याकडे मोठी मुलं येतात, आधीची दोन-चार घरं सुटलेली.

त्यांच्याकडे आलेला एक मुलगा फ्रिज उघडायच्या आधी दर वेळी विचारायचा. कपडे कपाटात लावायचाच नाही, बॅगेतच घडी करून ठेवायचा. शेजारणीने त्याला एकदाही "लाव" म्हटलं नाही, आणि मला तिचं फार कौतुक वाटतं. ज्याला सारखं निघावं लागलंय, त्याची बॅग रिकामी करायची घाई कशाला?

डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळालं तरी या मुलांचं परकेपण लगेच जात नाही. मित्राकडे रात्री राहायचं तर परवानगी कुणाची? केस कापायचे तर कुणाला विचारायचं? शिवाय दर सहा महिन्यांनी मीटिंग, तिथे मोठी माणसं आपल्याविषयी बोलणार. पंधराव्या वर्षी हे फार टोचतं. अशा रोजच्या गोष्टी ठरवायचा अधिकार कौन्सिल फॉस्टर पालकांना देऊ शकते. तो स्पष्ट लिहून दिलेला असला की घरातला ताण खूप कमी होतो.

मला खरा राग येतो तो अठराव्या वाढदिवसाचा. त्या दिवशी मूल कागदोपत्री फॉस्टर केअरमधून बाहेर पडतं. आईबाप असलेली किती मुलं त्या वयात एकट्याने संसार चालवतात? २०१४च्या कायद्याने 'स्टेइंग पुट'ची सोय झाली: दोन्ही बाजूंची तयारी असेल तर २१ वर्षांपर्यंत त्याच घरी राहता येतं. पण कुटुंबाला मिळणारे पैसे बरेचदा कमी होतात, आणि पोटाला चिमटा घेऊन हे सगळ्यांनाच जमत नाही.

शेजाऱ्यांनी त्या बॅगवाल्या मुलासाठी याला हो म्हटलं. तो आता प्लंबिंग शिकतो. उशिरा आला की शेजारीण त्याला झापते आणि तोही आवाज चढवून भांडतो. पूर्वी वाद झाला की तो एकदम गप्प व्हायचा, कारण आधीच्या एका घरातून भांडणानंतरच त्याला हलवलं होतं.