मारुतीची शेपटी

आजीची पुतळ्यांची, म्हणजे चित्रं उठवलेल्या सोन्याच्या गोल चकत्यांची, माळ वाटण्यांत सुटी झाली आणि आईच्या वाट्याला तीन पुतळ्या आल्या. सराफाच्या गुलाबी कागदाच्या पुडीत त्या वर्षभर पडून असतात. लक्ष्मीपूजनाला बाहेर येतात, हळदकुंकू लावून घेतात आणि परत पुडीत जातात.

लहानपणी आजी एकेक पुतळी तळहातावर ठेवून दाखवायची. ‘हा उभा आहे तो राम. मधे झेंडा. आणि गुडघे टेकलेत तो मारुती.’ उलट्या बाजूला लंबगोलात कुणीतरी उभं, भोवती चांदण्या. ती देवी. मी मारुतीची शेपटी शोधायचो. सापडायची नाही. ‘झिजली असेल रे,’ आजी म्हणायची. तिच्या गळ्यावर इतकी वर्षं घासली गेलेली पुतळी, झिजणारच.

परवा घरातल्या सोन्याची यादी करायला बसलो तेव्हा भिंग घेऊन एकेक पाहिली. झेंड्याच्या काठीलगत, एकाखाली एक, तीन रोमन अक्षरं: डी, व्ही, एक्स. रामाच्या झेंड्याला हे कुठलं गोंदण? शोधत गेलो आणि आमचा राम थेट व्हेनिसला निघाला. उभे आहेत ते सेंट मार्क, त्या शहराचे रक्षक संत. गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, डोज. अक्षरं त्याच्याच पदाची. आणि चांदण्यांतली देवी म्हणजे साक्षात येशू ख्रिस्त. दिवाळीत आम्ही इतकी वर्षं कुणाकुणाला कुंकू लावत होतो!

हे नाणं म्हणजे व्हेनिसचा डुकाट. 1284 साली निघालं ते 1797 मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत पाडलं जात होतं. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन आणि जवळपास शुद्ध सोनं. पाचशे वर्षांत चित्र बदललं नाही, बदललं फक्त डोजचं नाव. मिरी-मसाल्याच्या बदल्यात हे सोनं तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला लागायचं. अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखीचं आणि सोनं चोख. बाहुल्यांसारखी माणसं दिसली म्हणून आपण नाव दिलं पुतळी, आणि कडी झाळून जोडली नि गळ्यात घातली.

माझ्या तीनपैकी दोन मात्र व्हेनिसच्या नाहीत. त्यांवरची अक्षरं म्हणजे कुंपणाच्या काड्या आणि मधे ठिपके. मागणी इतकी, की आपल्याकडच्या कारागिरांनीही पुतळ्या पाडल्या. लिपी येत नव्हती, म्हणून दिसलं तसं उतरवलं. मला त्याच दोन जास्त आवडल्या. त्यांतला गुडघे टेकलेला माणूस खरोखरच मारुतीकडे झुकलाय.

तिसरीवर नाव लागलं: अल्विझे मोचेनिगो. आनंद फार टिकला नाही, कारण या नावाचे डोज चार. पहिला 1570 चा, चौथा 1763 ते 1778. माझा जीव चौथ्यावर. त्या काळात इकडे पुण्यात थोरले माधवराव गादीवर होते, आणि आमच्या कुणा पणजीच्या पणजीने ती नवी कोरी घेतली असेल, असं मानायला बरं वाटतं.

सराफाला यातलं काही नको होतं. त्याने कसोटीवर रेघ ओढली, काट्यावर ठेवली, कडीच्या झाळीची घट वजा केली आणि आजच्या भावाने आकडा सांगितला. देशी असो की व्हेनिसची, हिशेब एकच, ग्रॅमचा. नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली, तर ते आधी कडीकडेच पाहून चुकचुकले. कडी लावली, घासली गेली, म्हणजे संग्राहकाच्या लेखी नाणं उतरलं. शंभर वर्षं पेटीत पडून राहिलं असतं तर मोल चढलं असतं म्हणे. आजीने ते गळ्यात घातलं, ही तिची चूक.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. संत, डोज, ख्रिस्त, नेपोलियन. तिने ऐकून घेतलं. मग पुतळी खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि डोजच्या झग्याचा मागे घोळणारा काठ नखाने दाखवत म्हणाली, ‘ही काय शेपटी. तुला कधी दिसलीच नाही.’