तुम्ही विचारलेत म्हणून: अल्बममध्ये चिकटवलेली जुनी पोस्टकार्डे

मी जुन्या कागदांची देवघेव करतो हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे वाडा पाडून इमारत उठण्याच्या वेळी किंवा कपाटे रिकामी करताना मला हटकून एकच प्रश्न विचारतात. आजोबांच्या अल्बममध्ये चित्रांची पोस्टकार्डे चिकटवलेली आहेत, ती काढायची कशी आणि विकायची कुठे? या प्रश्नातला क्रम मला खटकतो. यातले विकण्याजोगे काय आहे हे ठरण्याआधीच काढायला घेतलेले कार्ड आपल्या किमतीचा मोठा भाग बहुधा अल्बमच्या पानावरच सोडून येते. म्हणून माझे उत्तर नेहमी उलट्या टोकाने सुरू होते: आधी गिऱ्हाइकाचा विचार करावा, मग डिंकाचा.

चित्रपोस्टकार्डे घेणारे लोक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकाला चित्र हवे असते. चित्रकार धुरंधरांनी रेखाटलेली मुंबईची माणसे, रविवर्मा छापखान्याच्या देवदेवता, मुंबईच्या क्लिफ्टन कंपनीने किंवा कलकत्त्याच्या जॉन्स्टन अँड हॉफमनने विकलेली रस्त्यांची आणि इमारतींची छायाचित्रे, लंडनच्या राफाएल टकची रंगीत कार्डे, हे त्याचे विषय. पाठीमागे कागदाचा कपटा राहिलेला असला, तर तो घासाघीस करील, पण कार्ड घेईल. दुसऱ्याला चित्राशी फारसे कर्तव्य नसते. त्याला पाठीमागचे तिकीट, टपालाचा शिक्का आणि कार्ड कोणत्या वाटेने गेले हे पाहायचे असते. एखाद्या लहान गावच्या कचेरीचा स्पष्ट शिक्का, फिरत्या रेल्वे टपालाचा शिक्का, किंवा १८६८ ते १९१४ या काळात मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान बोटीवरच टपालाची छाननी करणाऱ्या समुद्री टपाल कचेरीचा शिक्का, यांसाठी तो मुंबईच्या स्टेशनाच्या चित्राला देईल त्याहून कितीतरी अधिक पैसे मोजतो. चिकटवलेल्या कार्डाची नेमकी हीच बाजू दिसत नाही, आणि सगळा पेच तिथेच आहे.

मात्र कार्ड न काढताही पाठीचा बराच अंदाज बांधता येतो. आरंभीच्या कार्डांवर पाठीमागची संपूर्ण बाजू पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबून लिहावा लागे. पाठ दुभागून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्याची मुभा इंग्लंडने १९०२ मध्ये दिली, फ्रान्स आणि जर्मनी पुढच्या तीन वर्षांत त्याच वाटेने गेले आणि अमेरिका १९०७ मध्ये. म्हणून चित्राच्या भोवती बारीक अक्षरात कुशलवृत्त लिहिलेले दिसले, तर ते कार्ड जुने आणि वापरलेले असण्याची शक्यता दाट आहे. परगावच्या शौकिनांशी कार्डांची अदलाबदल करणाऱ्यांमध्ये तिकीट चित्राच्याच बाजूला लावण्याचीही रीत होती. तसे असेल तर हवे ते सर्व डोळ्यांसमोरच आहे आणि सोडवण्याचे कारणच उरत नाही. याउलट पुष्कळ कार्डे दुकानातून विकत घेऊन, टपालात न टाकता, थेट अल्बममध्ये चिकटवलेली असतात. त्यांची पाठ कोरी. खिडकीच्या तिरप्या उजेडात पान धरले, तर पाठीमागच्या तिकिटाचा लहानसा उंचवटा चित्राच्या बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यात जाणवतो. केवळ कोपरे चिकटवलेले असतील तर दंतवैद्याचा आरसा कार्डाखाली अलगद सरकवून पाहता येते. माझ्याकडे असा एक आरसा आहे आणि तो कात्रीपेक्षा जास्त उपयोगी पडलेला आहे.

एवढे करूनही काही कार्डे सोडवावीशी वाटली, तर मग चिकटवले कशाने हे ओळखायचे. आपल्याकडच्या जुन्या अल्बमांत प्रामुख्याने कणकेची किंवा मैद्याची खळ, डिंक आणि सरस आढळतात. खळ पांढुरकी, सुकल्यावर भुरभुरीत होणारी, आणि कसरीला अतिशय प्रिय. कार्डाच्या कडेला कुरतडल्याच्या खुणा असतील तर खाली खळ आहे असे समजण्यास हरकत नाही. डिंक काचेसारखा चकाकतो आणि पिवळट तपकिरी होतो. या तिन्ही गोष्टी पाण्याच्या ओलाव्याने सैल होतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत आशा आहे. सायकलच्या पंक्चरसाठी वापरतात तसले रबराचे सोल्यूशन काही दशकांत आपले आपण निकामी होते. कार्ड सहज सुटते, पण तपकिरी डाग मात्र कागदात कायमचा मुरलेला असतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पाण्याने फुगतो, विरघळत नाही. त्याने चिकटवलेले कार्ड सोडवण्याचा हट्ट धरू नये. कार्डाभोवती बोटभर जागा सोडून पानच कापावे आणि पाठीवरच्या कागदासकट ते विकावे.

सोडवण्याच्या कामाचा मुख्य नियम असा, की कार्ड पानावरून उचलायचे नसते, पान कार्डावरून सोलायचे असते. पोस्टकार्डाचा पुठ्ठा बहुधा अनेक थर एकमेकांवर चिकटवून केलेला असतो. कार्डाचे टोक धरून ओढले की गोंद सुटण्याआधी हे थर एकमेकांपासून सुटतात आणि पाठीचा पापुद्रा, त्यावरच्या पत्त्यासकट, पानावरच राहतो. म्हणून पान अल्बमपासून वेगळे करावे, कार्ड चित्राची बाजू खाली करून कोऱ्या टीपकागदावर ठेवावे, आणि पानाच्या मागच्या बाजूवर, जिथे कार्ड आहे तेवढ्याच भागावर, पिळून काढलेला दमट टीपकागद ठेवून वर प्लास्टिकचा तुकडा झाकावा. ओलावा पानातून झिरपून गोंदापर्यंत पोहोचायचा असतो, कार्डापर्यंत नव्हे. अधूनमधून कोपरा तपासत राहावे आणि तो आपणहून उचलू लागला, की पानाचा कागद पट्ट्यापट्ट्यांनी, जवळजवळ मागे दुमडून, सावकाश सोलावा. उरलेला चिकटा किंचित दमट कापसाने टिपावा आणि कार्ड कोरड्या टीपकागदांच्या मध्ये, जड पुस्तकांखाली, पूर्ण सुकेपर्यंत ठेवावे. इस्त्रीचा मोह आवरावा. नक्षी उठवलेली कार्डे तिच्याखाली कायमची सपाट होतात.

हे सर्व करण्यापूर्वी काही कार्डे बाजूला काढणे भाग आहे. खरी छायाचित्रे असलेल्या कार्डांवर जिलेटिनचा थर असतो आणि तो ओलाव्याने फुगून ज्याला लागेल त्याला चिकटतो. चकचकीत कागदाचा पांढरा लेपही असाच उखडतो. हाताने रंगवलेल्या कार्डांचे रंग, काही जुन्या तिकिटांचे रंग, आणि विशेषतः ओले झाले की जांभळे होणाऱ्या पेन्सिलीने लिहिलेला मजकूर, पाण्याचा थेंब लागताच पसरतो. काळ्या पानांचे अल्बम तर फारच घातकी, कारण पानाचाच काळा रंग सुटून कार्डाच्या पाठीत उतरतो. अशा ठिकाणी पाणी वापरूच नये. पान मागच्या बाजूने, बोथट पात्याने, थराथराने कोरडेच पातळ करत न्यावे आणि शेवटचा थर राहिला तर राहू द्यावा. किटलीच्या वाफेवर कार्ड धरण्याचा जो उपाय घरोघरी सांगितला जातो, त्याच्या मी विरोधात आहे. वाफ नेमकी कुठे लागते आणि किती लागते यावर आपला ताबा नसतो, आणि ती गोंदाआधी कार्डाला वाकवते. पाण्याच्या परातीत पान बुडवणाऱ्यांविषयी न बोललेले बरे. दिवस निवडायचा तर भर पावसाळ्यातला निवडू नये. सुकायला ठेवलेल्या कार्डांवर बुरशी धरते.

आता विक्रीविषयी. माझे मत असे आहे, की ज्या अल्बममध्ये एका माणसाने एका क्रमाने कार्डे लावली आहेत आणि खाली आपल्या हाताने गावांची नावे, तारखा, कोणी पाठवले हे लिहिले आहे, तो अल्बम अखंडच विकावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात सुट्या कार्डांचे गठ्ठे मिळतात. नव्वदेक वर्षांपूर्वीच्या कारकुनाने बदलीच्या गावांहून जमवलेला सलग अल्बम सहसा मिळत नाही. तो फोडला की ताजमहालाची आणि राणीच्या बागेची नेहमीची कार्डे सुटी होऊन जवळजवळ बेभाव जातात, आणि ती सोडवण्यात घालवलेल्या संध्याकाळींची मजुरीही निघत नाही. अल्बममधली एखाददुसरीच कार्डे खरोखर मोलाची असतील, तर ती ज्या पानांवर आहेत ती पाने तशीच दाखवावीत आणि काढण्याचा निर्णय घेणाऱ्यावर सोपवावा. अनेक जाणकारांना ते काम स्वतःच करायचे असते, आणि दुसऱ्याने काढलेल्या कार्डापेक्षा न काढलेल्या कार्डाला ते आनंदाने जास्त पैसे देतात.

तरीही अल्बम फोडायचाच असेल, तर प्रथम प्रत्येक पानाचे, खालच्या लिखाणासह, स्वच्छ छायाचित्र घ्यावे. कार्डाबरोबर ते दिले तर कार्डाचा पूर्वेतिहास शाबूत राहतो. वर्णनात पाठीचा डाग, पातळ झालेली जागा, गेलेला पापुद्रा हे स्पष्ट लिहावे. सुटलेले तिकीट परत चिकटवून कार्ड अखंड म्हणून विकणे ही सरळसरळ फसवणूक आहे आणि शिक्क्याच्या रेषा तिकिटावरून कार्डावर जुळतात की नाही हे पाहणाऱ्याच्या ती लगेच लक्षात येते. भावाचा अंदाज घ्यायचा तर विक्रेत्याने सांगितलेला आकडा पाहू नये, लिलावांत तसल्याच कार्डाचा सौदा कितीला झाला तो आकडा पाहावा. टपाल तिकिटांच्या प्रदर्शनांत येणारे व्यापारी बहुधा रास्त भाव सांगतात, मात्र एकाच्याच शब्दावर विसंबू नये.

हल्ली परदेशातला भाचा किंवा मुलगी तिकडच्या लिलावात कार्डे लावून देण्याची तयारी दाखवते, म्हणून कायद्याचेही सांगतो. प्राचीन वस्तू आणि कलाकृतींविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात वस्तूंसाठी शंभर वर्षांची मर्यादा असली, तरी ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलात्मक मूल्य असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ती पंचाहत्तर वर्षांची आहे, आणि त्या व्याख्येत बसणारी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचे कार्ड त्यात बसते की नाही हे तुम्ही, मी किंवा भाच्याने ठरवायचे नसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे तशी तपासणी करून घेता येते, आणि ती पाकीट टपालात पडण्यापूर्वी करून घ्यावी. देशातल्या देशात अल्बम विकायचा असेल, तर भावंडांची संमती तेवढी आधी लेखी घ्या. माझ्या पाहण्यातले बहुतेक सौदे डिंकापायी नव्हे, त्यापायी मोडले आहेत.