नायगमवालांची एक रेषा आणि माझा पुठ्ठ्याचा वर्णपटदर्शी : फेब्रुवारी–मार्चची नोंद

वर्णपटदर्शी म्हणजे प्रकाश रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, पसरून दाखवणारे उपकरण. माझा पुठ्ठ्याच्या पेटीचा आहे : प्रकाश आत सोडणारी एक अरुंद फट आणि तो रंगांत पसरवणारा डीव्हीडीचा तुकडा. मागच्या नोंदीत काम फटीपाशी अडले होते. दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे तुकडे समोरासमोर चिकटवून केलेली फट जसजशी अरुंद करत जावे, तसतशा वर्णपटावर लांबीच्या दिशेने, म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत, काळ्या रेघा उमटत होत्या. त्या सूर्याच्या रेषा (सूर्यावरील मूलद्रव्ये ठरावीक रंग शोषून घेतात, तिथे दिसणाऱ्या काळ्या रेषा) नव्हेत, कारण सूर्याच्या रेषा वर्णपटाला आडव्या छेदतात. फटीच्या काठावर बसलेला धुळीचा प्रत्येक कण अशी एक रेघ उमटवतो. काडेपेटीची काडी तासून तिचे टोक फटीतून एकदाच, एकाच दिशेने ओढले आणि रेघा गेल्या. त्यानंतर उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे पेटी धरली, तेव्हा डीव्हीडीच्या तुकड्यातून (त्यावरील चर ०.७४ मायक्रॉन अंतरावर असतात, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १३५०) हायड्रोजनची तांबडी सी, सोडियमची डी, मॅग्नेशियमचा बी गट आणि निळसर एफ या रेषा कोणत्याही खटपटीशिवाय दिसल्या. ज्यांनी पेटी केली असेल त्यांना पुन्हा सांगतो, सूर्यावर ती थेट रोखू नये.

हा सगळा खटाटोप ज्यांच्यामुळे सुरू झाला, त्या खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्याविषयी या वेळी थोडे सविस्तर लिहितो. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना, १८८२ साली, भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वेधशाळेसाठी ५००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांची तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण पुढे अनेक दशके भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एवढी वेधशाळा पुण्यात होती हे आपल्याकडील किती हौशी निरीक्षकांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला सतत टोचतो.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आपली उपकरणे घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच आले होते आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर यांना जोडणारी सरळ रेघ ओढली की ती कऱ्हाडच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे हे ग्रहण आम्हा सातारकरांना घरचेच वाटते. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. लॉकयर यांनी हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लावला असे वारंवार छापून येते, परंतु १८६८ साली त्यांनी हेलियमची पिवळी रेषा इंग्लंडमध्ये पाहिली, आणि विजयदुर्गावरील त्यांचा मुक्काम त्यानंतर तीस वर्षांनी झाला. १८६८ च्या ग्रहणाचा वेध आपल्या भागाजवळ घेतला गेला तो जमखंडीला, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी. सांगलीकर मित्रांनी ही जागा पाहण्याच्या यादीत अवश्य ठेवावी.

मला मात्र ग्रहणापेक्षा नायगमवालांचे १८९१ चे काम मोठे वाटते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या, म्हणजे प्रकाशणाऱ्या वायूच्या ढगाच्या, वर्णपटात ५०० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी एक ठळक हिरवी रेषा आहे. आकाशातील सगळ्या वस्तू उल्कांच्या थव्यांपासून घडतात असे मांडणाऱ्या लॉकयर यांचे म्हणणे होते की ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याचा उरलेला काठ आहे. दुसरे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हगिन्स यांना ते मान्य नव्हते. असा पट्टा एका बाजूला धारदार असतो आणि दुसऱ्या बाजूला, निळ्याकडे, विरत जातो, म्हणून वाद एवढ्यावरच येऊन ठेपला की रेषेची निळी बाजू अस्पष्ट आहे की नाही. नायगमवालांनी पुण्याहून वेध घेऊन सांगितले की ती रेषा कोणत्याही परिस्थितीत धारदारच राहते. ज्या लॉकयर यांचा या शास्त्रात एवढा दबदबा होता, त्यांच्याविरुद्ध जाणारे हे निरीक्षण होते. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे अमेरिकी शास्त्रज्ञ बोवेन यांनी १९२७ साली दाखवले. तेजोमेघातील वायू इतका विरळ असतो की तिथे अणूला दुसऱ्या अणूशी टक्कर होण्याआधी ती रेषा सोडायला सवड मिळते. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत ती सहसा मिळत नाही.

‘धारदार’ आणि ‘विरत जाणारा’ यांतील फरक वाचून कळत होता, पण डोळ्यांना ठाऊक नव्हता. तो स्वयंपाकघरात कळला. रात्री दिवे मालवून गॅसच्या शेगडीच्या निळ्या ज्योतीच्या आतल्या शंकूकडे पेटी धरली, तेव्हा कार्बनचे हिरवे, निळे पट्टे दिसले. हिरव्या पट्ट्याचा ५१६ नॅनोमीटरचा तांबड्याकडील काठ सुरीने कापल्यासारखा होता आणि निळ्याकडे तो हळूहळू अंधारात मिसळत होता. मग चिमूटभर मीठ ज्योतीवर सोडले आणि सोडियमची पिवळी रेषा लखकन उमटली, दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ. आईच्या हाती पेटी दिली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हिरव्याला एकाच बाजूला काठ आहे रे, दुसरीकडे विरलंय. पिवळीला दोन्हीकडे काठ.” लॉकयर आणि हगिन्स यांच्या वादाचा गाभा मला याहून थोडक्यात सांगता आला नसता. मॅग्नेशियमच्या त्या पट्ट्याची ठेवणही कार्बनच्या पट्ट्यासारखीच असते.

मार्चच्या अमावस्येला यवतेश्वरच्या पठारावर ८ इंची दुर्बीण नेली. नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मिलिमीटरला १०० रेघांचे ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी बारीक रेघांची चकती) लावून वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३२४२ हा ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा ढग, पाहिला. शेजारचे तारे रंगांच्या लांब पट्ट्यांत पसरले होते. तेजोमेघाचा मात्र पट्टा झालाच नाही, बाजूला त्याची एक फिकट, गोल प्रतिमा तेवढी उभी राहिली. त्याचा बहुतेक प्रकाश त्या एकाच हिरव्या रेषेत आणि तिच्या जोडीदार रेषेत असतो, म्हणून असे होते. ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरच्या या दोन रेषा वेगळ्या दिसल्या नाहीत, एवढ्या विरळ ग्रेटिंगने त्या दिसणारही नाहीत. रेषेच्या निळ्या काठाबद्दलही या जोडणीतून काही म्हणता येत नाही, कारण तिच्यात फट नाही.

त्यासाठी पितळी फट कऱ्हाडच्या एका लेथवाल्याकडे करायला दिली आहे. मृग आता संध्याकाळी पश्चिमेकडे कलला आहे, तेव्हा त्याच्या तेजोमेघावर ती पुढच्या दिवाळीनंतर लागेल. तोवर उन्हाळ्यात भुजंगधारी तारकासमूहातील एनजीसी ६५७२ या दुसऱ्या ग्रहीय तेजोमेघावर ती तपासून घेईन.